एक काटा, अनेक गाड्या

कापसाच्या हंगामात वणी, पांढरकवडा किंवा घाटंजीच्या खरेदी केंद्रावर गेलेल्या माणसाला रांग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. 1972 साली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि बैलगाड्यांची रांग हा यवतमाळ जिल्ह्याच्या हिवाळ्याचा भागच होऊन बसला. आवारात जागा असते, हमाल असतात, पण ग्रेडर एक आणि वजनकाटा एक. अशा वेळी मागे आणखी दोन गोदामे बांधली तर रांग हलेल का? नाही. संगणकांच्या बाबतीत मात्र चांगली जाणकार माणसेही काटा सोडून गोदामेच वाढवत बसतात.

शाळेच्या संगणककक्षात 20 संगणक आहेत आणि सगळे धडे एका सर्व्हरवर ठेवले आहेत, असे समजू. दुसऱ्या यंत्रावरची फाईल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडता यावी, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1980 च्या दशकात एक पद्धत तयार केली. तिचे नाव नेटवर्क फाईल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस. (कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.) मुलाने फाईल उघडली की त्याचा संगणक सर्व्हरला विचारू लागतो: ही फाईल आहे का? मला ती पाहण्याची परवानगी आहे का? पहिला तुकडा दे. आता दुसरा दे. प्रत्येक प्रश्नाला एक हेलपाटा.

या हेलपाट्याची किंमत वर्गात फळ्यावर काढता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. यवतमाळ ते पुणे तार 600 किलोमीटर धरली, तर जायला 3 मिलिसेकंद आणि उत्तर यायला 3, म्हणजे एक हेलपाटा 6 मिलिसेकंदांचा. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत एका वेळी जास्तीत जास्त 8 किलोबाईटचा तुकडा मागता येत असे. 100 मेगाबाईटच्या फाईलचे असे 12,800 तुकडे होतात. ते एकामागून एक मागवले, तर नुसत्या वाट पाहण्यात 76.8 सेकंद जातात. तार कितीही जाड घ्या, हा वेळ कमी होत नाही! तुकडा 1 मेगाबाईटचा केला की हेलपाटे उरतात 100 आणि वाट पाहणे 0.6 सेकंद. शिवाय पहिला तुकडा वाटेत असतानाच पुढचे चार मागून ठेवता येतात. शाळेच्या खोलीत हेलपाटा एका मिलिसेकंदापेक्षाही लहान असतो, म्हणून हा दोष तिथे लपून राहतो.

लिहिण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. दुसऱ्या आवृत्तीचा नियम कडक होता: माहिती डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हरने 'मिळाली' म्हणायचे नाही. कारण मध्येच वीज गेली तर? विदर्भात भारनियमन सोसलेल्यांना हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही.

1995 मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने यावर छान तोड काढली. सर्व्हर आधी कच्ची पावती देतो. माल अजून आवारातच असतो. पक्की पावती मिळेपर्यंत संगणकाने आपल्याकडची प्रत टाकून द्यायची नाही. कच्च्या पावतीवर सर्व्हरचा एक शिक्का असतो. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की शिक्का बदलतो, आणि शिक्का बदललेला दिसताच संगणक सगळा माल पुन्हा पाठवतो. वेग वाढला, पण काही हरवले नाही.

सर्व्हरमध्ये आणखी एक सोय असते. माल आवारात असतानाच थेट पक्की पावती द्यायची! वेग डोळ्यांत भरतो, पण वीज गेली की माहिती गेली, आणि गेल्याचे कुणाला कळतही नाही. मुलांच्या निकालपत्रकांसाठी ही सोय वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका सर्व्हरने भागत नाही तेव्हा काय? पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार केला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. माहिती साठवतानाही तेच करतात: फाईलचे तुकडे अनेक यंत्रांवर वाटायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन-तीन प्रती ठेवायच्या. आपल्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली. अशा ठिकाणची माहिती एका डिस्कच्या आवाक्यातली नसते.

पण इथेच काट्याची गोष्ट परत येते. मागे दहा यंत्रांचा समूह आहे, आणि पुढे एनएफएसचा एकच सर्व्हर. प्रत्येक तुकडा त्याच्याच हातून जातो. मग दहाची वीस यंत्रे केली तरी वेग तोच!

2010 मध्ये आलेल्या 4.1 या आवृत्तीत यावर उपाय आहे. पुढचा सर्व्हर माल हाताळत नाही, नुसता वहीवाला होतो. तो चिठ्ठी देतो: पहिला तुकडा तिसऱ्या गोदामात, दुसरा सातव्यात. संगणक त्या गोदामांकडे थेट आणि एकाच वेळी जातो. गोदामे दहा, काटेही दहा. मात्र सगळे फुकट मिळत नाही. मालाची जागा बदलली की वाटलेल्या चिठ्ठ्या परत मागवाव्या लागतात. तीन प्रती लिहायच्या असतील, तर सर्वांत सावकाश यंत्रासाठी थांबावे लागते. आणि फाईल चिमुकली असेल, तर चिठ्ठी मिळवण्यातच फाईल आणण्याहून जास्त वेळ जातो.

हा शेवटचा मुद्दा शाळेत पडताळता येईल. 100 मेगाबाईटची एक फाईल घ्या. दुसऱ्या फोल्डरमध्ये 100 किलोबाईटच्या सुमारे 1,000 फाईली ठेवा. दोन्ही मिळून माहिती जवळपास सारखीच. आता दोन्ही सर्व्हरवरून एका संगणकावर उतरवा आणि घड्याळ लावा. नंतर हाच प्रयोग वीसही संगणकांवर एकदम करा. एकदा वाचलेली फाईल संगणक जवळ जपून ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या वेळचे आकडे फसवे येतील.