भाकरीच्या पिठातलं झाड : बहुशाखी पॉलिमर समजून घेताना

मंगळवेढ्यात उभं राहून पॉलिमरवर बोलायचं, तर सुरुवात ज्वारीपासूनच करायला हवी. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरी थापणाऱ्या आयाबहिणींना ठाऊक असतं, की पिठाची विरी गेली की भाकरी चिरते. मग आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. गरम पाण्यानं स्टार्चचे कण फुगतात, चिकटपणा येतो आणि तोच पीठ धरून ठेवतो.

आता हा स्टार्च म्हणजे काय? त्यात दोन पदार्थ असतात. अमायलोज ही बहुतांशी सरळ साखळी. अमायलोपेक्टिन हे मात्र झाड, फांदीला फांदी फुटलेलं. साध्या ज्वारीच्या स्टार्चमध्ये साधारण तीन चतुर्थांश वाटा या झाडाचा असतो. गंमत अशी, की दोन्हींचा घटक एकच, ग्लुकोज. माल तोच, बांधणी वेगळी, म्हणून गुण वेगळे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे न्याय-वैशेषिकांचे तंतू आणि पट आठवल्याशिवाय राहत नाहीत. धागे म्हणजेच कापड नव्हे, असं ते म्हणत. रसायनशास्त्र या वादाला एक उत्तम उदाहरण पुरवतं.

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं होतं, "सर, फांद्या फुटतच गेल्या तर शेवटी सगळ्याचं जाळं नाही का होणार?" प्रश्न नेमका आहे. बेकेलाइटमध्ये तसंच होतं. सगळे रेणू एकमेकांत आडवे-उभे जोडले जाऊन अखंड जाळं तयार होतं. ते पुन्हा वितळत नाही, कशात विरघळत नाही. भांड्यात असं जाळं धरलं की घाण फेकून द्यायची, दुसरा इलाज नाही.

मग बहुशाखी पॉलिमर यातून कसा सुटतो? याचं उत्तर पॉल फ्लोरी यांनी १९५२ साली कागदावर मांडलं. असा एक लहान रेणू घ्या, की ज्याला एक 'अ' हात आणि दोन 'ब' हात आहेत. अट एकच : 'अ' फक्त 'ब'लाच धरतो. 'अ' 'अ'ला धरत नाही, 'ब' 'ब'ला धरत नाही.

आता आपली वंशावळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाला बाप एकच, मुलं मात्र दोनपर्यंत. 'अ' हात बापाकडे, 'ब' हात मुलांकडे. समजा, असे १०० रेणू जोडून एक मोठा रेणू झाला. सांधे किती लागले? ९९. प्रत्येक सांध्याला एक 'अ' आणि एक 'ब' खर्ची पडला. म्हणजे 'अ' उरला फक्त १, मूळ पुरुषाचा; आणि २०० पैकी 'ब' उरले १०१. टोकं कितीही वाढली तरी ती एकमेकांना धरू शकत नाहीत. म्हणून झाड वाढतं, जाळं होत नाही. फार तर तो उरलेला एकटा 'अ' आपल्याच झाडाच्या 'ब'ला जाऊन मिळतो आणि एक कडं तयार होतं. वाढीला तो अडथळा आहे खरा, पण जाळं तेव्हाही होत नाही.

अमायलोपेक्टिनचं गणितही हेच. ग्लुकोजचा पहिला कार्बन म्हणजे 'अ', चौथा आणि सहावा म्हणजे 'ब'. मुळाचं टोक एक, शेंडे असंख्य. आपल्या शरीरातल्या ग्लायकोजेनला तर फांद्या आणखी दाट असतात. शेंडे पुष्कळ असल्यामुळे विकरं एकाच वेळी अनेक ठिकाणांहून ग्लुकोज तोडू शकतात. धावताना लागणारी शक्ती तत्काळ मिळते ती त्यामुळे.

कारखान्यासाठी हा विचार प्रत्यक्षात यायला मात्र वेळ लागला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ कंपनीतल्या किम आणि वेबस्टर यांनी असा पॉलिमर बनवून त्याला 'हायपरब्रँच्ड' हे नाव रूढ केलं. त्याच्या आधीच डेंड्रिमर आले होते. डेंड्रिमर म्हणजे प्रत्येक फांदी नेमकी दुभंगलेलं, निर्दोष झाड. पण ते पायरीपायरीनं करावं लागतं आणि प्रत्येक पायरीला शुद्ध करावं लागतं. बहुशाखी पॉलिमर एकाच भांड्यात होतो, पण वेडावाकडा. कुणाला दोन मुलं, कुणाला एक, कुणाला एकही नाही. शाखांची मोजपट्टी लावली तर सरळ साखळी ०, डेंड्रिमर १, आणि दोन्ही 'ब' सारखेच तत्पर असतील तर हा जवळपास ०.५.

गुण कोणते, तेही पाहू. लांब साखळ्या सुतासारख्या एकमेकींत गुंततात, म्हणून त्यांचा द्रव घट्ट. आटोपशीर झाडं गुंतत नाहीत, म्हणून यांचा द्रव तितक्याच वजनाच्या सरळ पॉलिमरपेक्षा पातळ. रंग-लेपांत विद्रावक कमी लागतो तो यामुळे. विरघळतातही सहज. शिवाय शेंड्यांवर हवा तो गट बसवून गुण पालटता येतात. पण जे न गुंतणं इथे उपकारक, तेच दुसरीकडे नडतं. एकट्या बहुशाखी पॉलिमरची फिल्म ठिसूळ होते, ओढली की तुटते. दोरखंडाला गुंतणंच हवं. म्हणून बहुधा तो दुसऱ्या पॉलिमरमध्ये मिसळून किंवा शेंडे जोडून वापरतात.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असं : जाळं होतं की झाड, हे फांद्यांच्या संख्येवर ठरत नाही, कुणी कुणाला धरायचं, या नियमावर ठरतं. आणि झाड निर्दोष नसलं म्हणून निरुपयोगी ठरत नाही. आज घरी पिठात आधण ओताल तेव्हा हे आठवून बघा.