फायरवॉलमधल्या जुळ्या फायली

जानेवारी २००१मध्ये लिनक्सचं २.४ कर्नल आलं. रस्टी रसेल यांनी सुरू केलेलं नेटफिल्टर हे फायरवॉल आणि त्याचं आयपीटेबल्स त्यातूनच लोकांच्या हाती पडलं. त्या काळी फायरवॉलमध्ये जरा वेगळं काही हवं असेल, तर सोर्स उतरवून ‘मेक मेनूकॉन्फिग’ चालवायचं आणि निळ्या पडद्यावर एकेका पर्यायापुढे वाय, एन किंवा एम दाबत बसायचं. एम म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा चढवायचं. प्रत्येक पर्यायाला मदतीचा मजकूर असे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा सूर एकच: कळत नसेल तर एन दाबा.

‘टीसीपीएमएसएस’ या पर्यायापाशी मात्र सूर बदलतो. काही इंटरनेट कंपन्या आणि सर्व्हर यांचा बिनडोकपणा गुन्हा ठरावा इतका आहे आणि हे मॉड्यूल त्यावरचा उतारा आहे, असं तिथे चक्क छापलंय. अधिकृत सोर्समध्ये!

राग रास्तच होता. इथरनेटवरून एका वेळी १५०० बाइटचं पॅकेट जातं. डीएसएलवर पीपीपीओईचं वेष्टन आलं की त्याचे ८ बाइट वजा होऊन १४९२ उरतात. मोठं पॅकेट आलं तर वाटेतल्या राउटरने ‘तुकडे करावे लागतील’ असा आयसीएमपी निरोप उलट पाठवायचा. पण सुरक्षेच्या नावाखाली कित्येकांनी आयसीएमपी सरसकट बंद केलं. निरोपच पोचत नाही, मोठी पॅकेटं मुकाट गडप होतात. छोटी मेल जाते, मोठी अडकते. एसएसएच चालतं, एससीपी सुरुवातीच्या रामरामानंतर थिजतं. ही लक्षणंही त्याच मजकुरात आहेत, डॉक्टरी पुस्तकासारखी. मॉड्यूलचा उपाय साधा: एका पॅकेटमध्ये किती मजकूर चालेल हे सांगणारा, जोडणीच्या पहिल्याच पॅकेटमधला १४६० हा आकडा खोडून १४५२ करायचा.

हे मॉड्यूल लिहिलं मार्क बूशे यांनी, २०००मध्ये. त्यांनी त्याच नावाचं दुसरंही लिहिलं. पहिलं आकडा बदलतं, दुसरं नुसता तपासतं. नेटफिल्टरचा रिवाज असा की कृती करणाऱ्याचं नाव कॅपिटल अक्षरांत, तपासणाऱ्याचं स्मॉलमध्ये. त्यामुळे दोन्ही मॉड्यूलच्या फायलींच्या नावांत फरक तेवढाच. लिनक्सला या दोन फायली वेगळ्या दिसतात. मॅकची डिस्क सहसा हा फरक मानत नाही. तिथे सोर्स उघडलं की जुळ्यांपैकी एक दुसऱ्याच्या उरावर बसतं. नुकतीच क्लोन केलेली, हातही न लावलेली फाइल गिट ‘बदलली’ म्हणून दाखवतं. नवखा माणूस अशा वेळी डाउनलोडलाच दोष देतो.

घरगुती राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटीने ही भानगड मुळातच तोडली. कॅपिटल-स्मॉल न ओळखणाऱ्या डिस्कवर त्याचं बिल्ड सुरूच होत नाही. मॅकवाले मग वेगळी डिस्क इमेज बनवतात. आणि तयार झालेल्या राउटरच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटरनेटच्या बाजूला, पॅकेटमधला आकडा कमी करण्याचा तोच उपाय आधीपासून चालू असतो.