प्रौढांचे क्लब टेबल टेनिस

जिमखाने, क्रीडामंडळे, कामगार वसाहती, गृहनिर्माण संस्था आणि कार्यालये यांच्या सभागृहांत प्रौढ व्यक्ती फावल्या वेळात जे टेबल टेनिस नियमितपणे खेळतात, त्याला क्लब टेबल टेनिस म्हणता येईल. त्याची दोन अंगे आहेत : विरंगुळ्याचा हौशी खेळ आणि गुण, गट व क्रमवारी यांनी बांधलेला स्पर्धात्मक खेळ. ही दोन्ही अंगे बहुधा एकाच टेबलावर आणि त्याच खेळाडूंमध्ये नांदतात. वय आणि कौशल्य यांत असमान असलेल्या खेळाडूंना एकत्र खेळता यावे, हा या प्रकारातील मुख्य प्रश्न आहे. क्लबांचे अनेक संकेत आणि प्रौढ स्पर्धांची रचना याच प्रश्नाच्या उत्तरादाखल घडलेली दिसते.

जागा व साहित्य

टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर उंच असते. जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर असते. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघे २.७ ग्रॅम असते. चेंडू इतका हलका असल्याने वाऱ्याच्या झोताने त्याची दिशा बदलते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही खेळताना पंखे बंद ठेवावे लागतात. दमट हवेत रबराची चेंडूवरील पकड कमी होते. कोकणपट्टीतील खेळाडूंना पावसाळ्यात याचा अनुभव येतो. मात्र मैदानी खेळ थांबतात त्या चार महिन्यांत छपराखालचा हा खेळ सुरू राहू शकतो.

मुंबईतील स्पर्धा आणि रॅकेटचा वाद

आशियातील पहिली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा १९५२ साली मुंबईत भरली. तोपर्यंत आखूड दाण्यांचे रबर लावलेली रॅकेट सर्वत्र वापरात होती. तिचा आघात ऐकू येई आणि त्यावरून चेंडूच्या वेगाचा अंदाज बांधता येई. जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंज लावलेली रॅकेट आणली. तिचा आवाज जवळजवळ होत नसे आणि चेंडू अनपेक्षित वेगाने परत येई. सातो याने अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान याला हरवून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले.

या विजयानंतर कौशल्य कोणाचे, खेळाडूचे की साधनाचे, असा वाद उभा राहिला. अखेर १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने रबराचे प्रकार व जाडी निश्चित केली. साध्या दाणेदार रबराला २ मिलिमीटर आणि स्पंजासह असलेल्या रबराला ४ मिलिमीटर अशी मर्यादा घातली गेली. नुसत्या स्पंजाची रॅकेट नियमबाह्य ठरली.

हाच वाद क्लबांमध्ये आजही लांब दाण्यांच्या रबरामुळे उद्भवतो. गुळगुळीत रबर चेंडूला पकडून नवी फिरकी देते. लांब दाणे वाकतात आणि चेंडूची मूळ फिरकी बरीचशी तशीच राहू देतात. त्यामुळे जोरदार टॉपस्पिन मारणाऱ्याकडे चेंडू उलट फिरकी घेऊन परततो. पायांची हालचाल मंदावलेले अनेक ज्येष्ठ खेळाडू या रबराच्या आधारे तरुणांचा वेग निष्प्रभ करतात. अपरिचित खेळाडूला ही फसवणूक वाटते, परंतु मान्यताप्राप्त रबर वापरणे नियमानुसारच असते. रॅकेटची एक बाजू काळी आणि दुसरी ठळक वेगळ्या रंगाची असावी, तसेच सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला रॅकेट पाहू द्यावी, हे नियम अशा वेळी उपयोगी पडतात. मित्रांमधील सामन्यातही ते पाळल्यास कटुता टळते.

हौशी खेळाचे संकेत

टेबल एक आणि खेळाडू दहा, ही अनेक क्लबांतील स्थिती असते. ‘जिंकेल तो टेबलावर राहील’ ही प्रथा सोपी आहे, पण तिच्यामुळे दुबळा खेळाडू बहुतेक वेळ बाकावर बसून राहतो आणि काही आठवड्यांत येणे सोडतो. म्हणून काही ठिकाणी प्रत्येक सामन्यानंतर दोघेही टेबल सोडतात, तर काही ठिकाणी जोड्या बदलत दुहेरी खेळली जाते. दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीने चेंडू मारणे बंधनकारक असते. त्यामुळे बलवान खेळाडूला सगळे चेंडू स्वतः घेता येत नाहीत आणि नवख्याला खेळावेच लागते.

असमान खेळाडूंच्या एकेरीत दुबळ्याला आरंभीच काही गुण दिले जातात. २००१ पर्यंत गेम २१ गुणांचा होता आणि सर्व्हिस पाच-पाच चेंडूंनी बदले. आता गेम ११ गुणांचा असून सर्व्हिस दोन-दोन चेंडूंनी बदलते. १०-१० अशी बरोबरी झाल्यास ती प्रत्येक गुणानंतर बदलते आणि दोन गुणांची आघाडी घेणारा जिंकतो. गेम लहान झाल्याने आधी दिलेल्या प्रत्येक गुणाचे वजन वाढले आहे. तीन गुणांची सवलतही निकाल पालटू शकते. म्हणून ती खेळापूर्वी उभयतांच्या संमतीने ठरवणे योग्य मानले जाते.

स्पर्धात्मक खेळ

ज्येष्ठांची पहिली जागतिक स्पर्धा १९८२ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाली. तिच्यात वयाच्या चाळिशीपासून पुढे वयोगट असतात. या स्पर्धेची प्रचलित पद्धत क्लबांनाही अनुकरणीय ठरली आहे. खेळाडूंचे लहान गट पाडून आधी साखळी सामने होतात. गटातील पहिले दोघे मुख्य बाद फेरीत जातात. उरलेल्यांसाठी स्वतंत्र बाद फेरी असते. त्यामुळे दूरवरून आलेला खेळाडू एका पराभवाने घरी जात नाही.

भारतातही ज्येष्ठांच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धा होतात. महाराष्ट्रात या खेळाला मुंबईच्या जिमखान्यांची आणि कार्यालयीन संघांची जुनी पार्श्वभूमी आहे. आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेले कमलेश मेहता मुंबईचेच. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या व रिझर्व्ह बँक यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरत आल्याने नोकरी व खेळ यांची सांगड घालणे अनेकांना शक्य झाले.

लहान गावांतील परिस्थिती

पालघर जिल्ह्यातील वाणगाव हे पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले स्थानक आहे. शेजारच्या बोईसर-तारापूर भागात औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आहे. अणुऊर्जा विभागाच्या अंतर्गत क्रीडास्पर्धांत टेबल टेनिसचाही समावेश असतो. अशा भागात पाळीने काम करणारे कामगार आणि २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावणाऱ्या उपनगरी गाड्यांनी ये-जा करणारे नोकरदार यांच्या मोकळ्या वेळा जुळत नाहीत. ठराविक वेळेच्या वर्गापेक्षा, कोणत्याही वेळी दोघे आले तरी खेळता येईल असे एक खुले टेबल तेथे अधिक उपयोगी ठरते. शाळेचे सभागृह सायंकाळी उपलब्ध झाले, तर टेबल, जाळी, पुरेसा उजेड आणि चेंडूंची पेटी एवढ्यावर क्लब सुरू करता येतो. तो टिकणे मात्र हरणाऱ्यालाही पुन्हा खेळण्याची पाळी मिळते की नाही, यावर अवलंबून असते.