मनगटावरचा हिरवा दिवा

अंधारात मनगटावरचं फिटनेस घड्याळ जरासं उचललं, की त्याच्या पोटाशी हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो. घड्याळाला नाडी कळते ती त्याच्यामुळेच. रक्त हिरवा प्रकाश चांगलाच शोषून घेतं. ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि दिव्याशेजारच्या सेन्सरकडे कमी उजेड परततो. रक्त ओसरलं की परतणारा उजेड वाढतो. हे चढउतार मोजून घड्याळ मिनिटाचे ठोके सांगतं.

ठोके मोजायला छातीवर बांधतात त्या पट्ट्याची रीत निराळी. हृदय आकुंचन पावतं त्याआधी त्यातून विजेची लहर जाते, आणि पट्ट्यातले इलेक्ट्रोड ती थेट टिपतात. फिनलंडच्या पोलार कंपनीने असं बिनतारी यंत्र १९८२ मध्ये खेळाडूंसाठी बाजारात आणलं. आजही जोरात धावताना ठोके मोजायचे तर मी पट्ट्यावरच विसंबेन. धावताना मनगट झुलतं, घड्याळ हलतं आणि पावलांची लय ठोक्यांच्या लयीत मिसळते. मिनिटाला १६० पावलं पडत असतील, तर ठोके १३५ असतानाही घड्याळ १६० दाखवू शकतं. थंडीत वाहिन्या आकसतात, गोंदणाची शाई उजेड अडवते, तेव्हाही आकडा बिघडतो. शांत बसलेलं असताना मात्र बहुतेक घड्याळं नाडी बरोबर सांगतात.

झोपेचं गणित याहून अवघड आहे. प्रयोगशाळेत झोप तपासताना डोक्यावर, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावतात आणि रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाची अवस्था ठरवतात. गाढ झोप ओळखायची ती मुख्यतः मेंदूच्या लहरींवरून. मनगटाला त्या लहरी कुठून दिसणार? घड्याळाच्या हाती असते ती हालचाल आणि नाडी. गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी असते, स्वप्नांच्या झोपेत ती कमीजास्त होते. त्यावरून घड्याळ अंदाज बांधतं, आणि प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं. दोन मनगटांवर दोन कंपन्यांची घड्याळं बांधून झोपलात, तर गाढ झोपेचे दोन वेगळे आकडे मिळाले तरी नवल नाही.

मोठी चूक होते ती जागेपणी. एका रात्री माझी आई तीनपासून उजाडेपर्यंत न हलता टक्क जागी पडून होती. सकाळी घड्याळाने सात तास झोप दाखवली. न हलणारा माणूस त्याच्या लेखी झोपलेलाच. आईला वाटलं, आपलंच काही चुकतंय. मला त्या आकड्याचा राग आला. उलट, चांगल्या आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेणारेही आहेत. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं.

तेव्हा निवड कामावरून करावी. वेगाच्या सरावाला छातीचा पट्टा, रोजच्या चालण्याला साधं घड्याळ. झोपेसाठी नाडी मोजणारी अंगठी सोयीची: बोटात नाडीचा संकेत ठळक मिळतो आणि रात्री ती खुपत नाही. घड्याळच घ्यायचं तर बॅटरी आधी विचारा. रोज रात्री चार्जिंगला लागणारं घड्याळ झोप काय मोजणार? बांधताना मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधा. मग पाच मिनिटं शांत बसून दुसऱ्या हाताच्या बोटांनी नाडी तीस सेकंद मोजा, दुप्पट करा आणि आकडा ताडून पाहा. घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर घड्याळाने झोपेला नव्वद गुण दिलेले असले तरी डॉक्टरांकडे जा.