सदाफुली, पेशी आणि बधिर बोटं

बारावीला बायोलॉजी असेल तर मायटॉसिसची आकृती काढून काढून तुमचा हात दुखला असेल. मधोमध रांगेत उभी गुणसूत्रं आणि दोन्ही टोकांकडून त्यांना ओढणारे धागे. मार्क मिळाले, विषय संपला. पण केमोथेरपीतली काही औषधं नेमकी याच धाग्यांवर काम करतात, हे कुणी सांगितलं होतं का?

हे धागे म्हणजे मायक्रोट्यूब्यूल्स. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे तुकडे जोडले गेले की धागा वाढतो, सुटले की आखूड होतो. हे सतत चालू असतं, आणि त्याच्याच जोरावर गुणसूत्रांची वाटणी होते.

व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीतून मिळतं. हो, तीच, अंगणात न लावताही उगवणारी! ते सुट्या ट्यूब्युलिनला चिकटतं आणि धागा तयारच होऊ देत नाही. लहान मुलांच्या ल्युकेमियात ते आजही वापरतात. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल अगदी उलट वागतं. ते धागा असा धरून ठेवतं की तो सुटतच नाही. सुझन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हे दाखवलं. एक जोडू देत नाही, दुसरं सोडू देत नाही. दोन्हीकडे पेशी विभाजनाच्या मध्येच अडकते आणि बऱ्याचदा मरते.

गडबड अशी, की औषधाला कॅन्सरची पेशी वेगळी ओळखता येत नाही. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर विभागतात, म्हणून केस जातात. ते सगळ्यांना दिसतं. बोटांचं दिसत नाही. चेतापेशी विभागत नाहीत, पण कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या त्यांच्या लांबलचक तंतूंमध्ये मालवाहतुकीसाठी हेच धागे रुळांसारखे लागतात. रूळ बिघडले की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शर्टाचं बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. घरात कुणाची ट्रीटमेंट चालू असेल आणि ते असं काही बोलले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, गरज पडली तर ते डोस कमी करतात किंवा औषध थांबवतात.

आणि फॅमिली ग्रुपवर 'सदाफुलीची पानं चावा, कॅन्सर पळवा' आलं तर? एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पेशंटला ते मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतूनच देतात. कच्च्या पानात बाकीची विषारी द्रव्यंही असतात, त्यांचा हिशेब कुणी ठेवायचा? फॉरवर्ड करणारे काका कितीही प्रेमळ असोत, ग्रुपवर हे लिहाच.