आहेराच्या साडीचं पुढे काय होतं?

दिवाळीच्या आवराआवरीत एक दिवस लोखंडी कपाटाच्या वरच्या खणाचा असतो. तो मी जमेल तितका पुढे ढकलते. कारण त्या खणात आहेराच्या साड्या आहेत! मागच्या वर्षी हिय्या करून सगळ्या खाली काढल्या, पलंगावर मांडल्या आणि मोजल्या. एकोणचाळीस! त्यातल्या मी नेसेन अशा चार. उरलेल्या पस्तीस कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीत, कुणाच्या डोहाळजेवणात मिळालेल्या आणि पुढे कुणाला तरी द्यायच्या म्हणून घडीसकट ठेवलेल्या. एका घडीतून चिठ्ठी पडली, 'पैठणच्या मामी'. अक्षर माझंच! म्हणजे मी मामींना दिलेली साडी दहा घरं फिरून पुन्हा माझ्याच कपाटात येऊन बसली होती.

हसू नका मैत्रिणींनो, असा एक खण तुमच्याकडेही असणारच.

या साड्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले ते खाम नदीमुळे. आपल्या छत्रपती संभाजीनगरातून वाहणाऱ्या खामचा कित्येक वर्षं नालाच झाला होता. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. आमच्या बचत गटातल्या आम्ही सात-आठ जणी एका सकाळी सफाईला गेलो होतो. गाळातून कापडं ओढून काढत होतो. सुती चादर हातात आली की तिचा चिखलच व्हायचा. पण एक जांभळी साडी निघाली, ती अख्खी. पाण्यात खळबळली तर काठ चकचकीत! किती वर्षं तिथे पडली होती कुणास ठाऊक. तसलीच जांभळी माझ्या कपाटात होती.

पॉलिस्टर म्हणजे खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिकच. पाण्याची बाटली ज्याची करतात, त्याचाच ओढलेला धागा. ते कुजत नाही. शिवाय दर धुण्याला त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातात. आपली खाम पुढे नाथसागराला मिळते आणि आपण पितो ते पाणीही नाथसागराचंच. आता बोला!

दुकानात मात्र 'पॉलिस्टर' असं कुणी म्हणत नाही. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप अशी गोड नावं असतात. ती विणीची नावं आहेत, धागा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा. 'आर्ट सिल्क' मधल्या 'आर्ट'चा कलेशी काही संबंध नाही, ते 'आर्टिफिशियल' आहे, हे मलासुद्धा लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं! पदराच्या टोकाचा एखादा धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. (दुकानात नको, घरी!) महागाची खरेदी असेल तर रेशमावर 2004 पासून सुरू झालेला 'सिल्क मार्क' आणि हातमागावर 2006 पासूनचा 'हँडलूम मार्क' बघून घ्या. कापडासारख्या दिसणाऱ्या त्या रंगीत बंदांच्या पिशव्यांनाही हीच परीक्षा लावा. त्याही प्लास्टिकच्याच निघतील.

मग काय, सगळं सुती आणायचं? इतकं सोपं असतं तर किती बरं झालं असतं. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात. आपल्या मराठवाड्यातला कापूस बराचसा पावसावरचा, पण त्याच्यावर फवारणी किती होते हे शेतकऱ्याच्या घरात विचारा. सुती कपड्याला इस्त्री लागते, खळ लागते, रंग उतरतो. आपल्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, तेव्हा लवकर वाळणारी पॉलिस्टरची साडी कामाच्या बाईला सोयीची वाटते, यात तिचं काय चुकलं? त्यामुळे सुती घ्या आणि त्याचाच ढीग लावा, हे काही मला पटत नाही. कपडा किती वर्षं अंगावर राहतो, ते मी आधी बघते.

सासूबाईंचं सुती लुगडं आठवा. आधी नेसायचं, विरलं की बाळाची दुपटी, मग गोधडीत, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. मी त्या पस्तीस साड्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि गोधडी शिवू या म्हटलं. त्यांनी बोटांनी चाचपून बाजूला सारल्या. म्हणाल्या, "ह्याची कसली गोधडी गं? सरकतंय नुसतं, आणि घामही टिपत नाही."

आपल्या शहराचा हिमरूसुद्धा असाच टिकणारा. उभा धागा सुती, नक्षीचा आडवा रेशमी. सोन्या-चांदीच्या तारेचं किनखाब परवडेना, त्याला हा पर्याय. मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकरही आले, असं सांगतात. माझ्या आईची हिमरू शाल माझी मुलगी आज जीन्सवर घेते. आता हातमाग अगदी थोडे उरलेत आणि हिमरू म्हणून यंत्रमागाचा माल सर्रास विकला जातो. घेताना विचारावं, माग बघायला मिळत असेल तर बघावा. त्याउलट माझी रेक्झिनची पर्स! दोन पावसाळ्यांत तिची सालपटं निघाली.

तर अशात पुतण्याचं लग्न ठरलं. आहेराला पंच्याहत्तर साड्या, 180 रुपयांची एक, असा मोठ्या जाऊबाईंचा बेत. मी म्हटलं, "ताई, सोलापुरी टॉवेल देऊ या. घरात वापरला तरी जाईल."

"टॉवेल? लग्नात? लोक तोंडात शेण घालतील!"

दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नव्हतं. गावाकडची म्हातारी आत्या एवढा प्रवास करून येते, तिला साडी म्हणजे मान असतो. तिच्या हातात टॉवेल ठेवून पर्यावरणाचं भाषण करायची माझीही छाती नव्हती. शेवटी ठरलं असं, की मानाच्या नऊ जणींना सुती इरकल साडी, 800 रुपयांची, त्या नेसतील अशी. बाकी सहासष्ट जणींना सुती टॉवेल, 110 रुपयांचा. आणि टॉवेल द्यायचा पिशवीत! पॉलिस्टरची साडी गोधडीला चालत नसली तरी पिशवीला झकास. हलकी, दणकट, आणि रोज धुवावी लागत नाही, त्यामुळे तंतूही कमी सुटतात. गटातल्या बायकांनी एका साडीच्या सहा याप्रमाणे अकरा साड्यांच्या पिशव्या शिवल्या, पिशवीला 15 रुपये शिलाईनं. सगळा हिशेब ताईंच्या बेतापेक्षा 1950 रुपयांनी वर गेला. ते मी घातले. जास्त बोलण्याची किंमत!

दोन-तीन जणींनी नाकं मुरडली. एकीनं तर टॉवेल तिथेच खुर्चीवर ठेवला. पंगत उठल्यावर एक मावशी पिशवी घेऊन थेट माझ्यासमोर आल्या. जांभळी पिशवी, चकचकीत काठाची.

"ही मी दिलेली साडी ना गं? तुझ्या वास्तुशांतीला?"

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली मान घालून "हो" म्हटलं. मावशींनी पिशवी उलटीसुलटी केली, बंद जोरानं ओढून बघितला.

"बरी झालीय," त्या म्हणाल्या. "अजून दोन दे. आणि तुमच्या गटातल्या बाईचा फोन नंबर दे. माझ्याकडे अशा पन्नास तरी पडल्यात."