निरोगी दिसणाऱ्या घोड्याची तपासणी

पैदाशीच्या घोड्याच्या मानेची कमान, अंगावरची तुकतुकी आणि घोडीची चाहूल लागताच त्याच्या सर्वांगात संचारणारे चापल्य पाहून हा प्राणी पूर्ण निरोगी आहे असा निर्वाळा कोणीही जाणता माणूस देईल. आणि घोड्यापुरता तो निर्वाळा खोटाही ठरणार नाही. परंतु समागमातून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत या निर्वाळ्यावर विसंबता येत नाही. या रोगांपैकी अत्यंत सांसर्गिक असा जो गर्भाशयदाह, त्याचे जंतू घोड्याच्या इंद्रियाच्या केवळ पृष्ठभागावर, कातडीच्या घड्यांत साचणाऱ्या मळात, वस्ती करून राहतात. त्याला ताप येत नाही, सूज येत नाही, दाण्यावरची वासना उडत नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या रक्तात या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्येही उत्पन्न होत नाहीत, म्हणून रक्त तपासूनही काही हाती लागत नाही. भोगावे लागते ते घोडीला. समागमानंतर थोड्याच दिवसांत तिच्या योनीतून करडा, चिकट स्राव वाहू लागतो, गर्भाशयाचे अस्तर दाहाने बिघडते, गाभ राहत नाही आणि ती वेळेआधीच पुन्हा माजावर येते. काही घोड्या तर बऱ्या झाल्यासारख्या दिसूनही महिनोन्‌महिने जंतू बाळगून असतात.

पैदाशीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. त्यापूर्वी, जानेवारीच्या थंडीत, पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर या जंतूंचा माग काढणारी तपासणी मी जवळून पाहिली. घोडीला खोड्यात घेऊन तिच्या शेपटीला पट्टी गुंडाळली होती. जुना मोतद्दार तिच्या डोक्याशी उभा राहून एका लयीत तिची मान थोपटीत होता, आणि त्याच्या हाताखालचा तरुण जंतुनाशक मिसळलेल्या पाण्याची बादली घेऊन पुढे सरसावला, तोच डॉक्टरांनी त्याला थांबविले. ‘‘धुवायचं नाही. कोरड्या कापसानं वरवरची घाण तेवढी पूस. धुतलंस तर जंतू मरतील, आणि आपला नमुना खोटं बोलेल.’’ मग नवे हातमोजे चढवून त्यांनी भगशिश्निकेभोवतीच्या खोबणीत स्वॅबची काडी हलक्या हाताने फिरविली. त्यानंतर त्याहून बारीक टोकाची दुसरी काडी घेऊन खोबणीच्या वरच्या कडेला असलेले, अनभ्यस्त डोळ्याला दिसणारही नाही असे, एक छिद्र त्यांनी बोटाच्या दाबाने उघडे केले. जंतू दडून बसतात ते येथे. आणि घाईने काम करणाऱ्याच्या हातून सुटते तेही हेच छिद्र. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घोडी माजावर येईल तेव्हा निराळा घ्यायचा होता.

प्रत्येक काडी कोळशाची पूड मिसळलेल्या काळ्या माध्यमाच्या नळीत गेली. हे जंतू इतके नाजूक, की उघड्या हवेत आणि उष्म्यात ते फार काळ तग धरीत नाहीत. म्हणून नळी बर्फाच्या पेटीत ठेवून अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचलीच पाहिजे. नळीवर घोडीचे नाव, नमुना कोठून घेतला ती जागा, तारीख आणि वेळ ही सारी नोंद डॉक्टर स्वतःच्या हाताने करीत होते. मोतद्दाराला त्यांनी विचारले, ‘‘मामा, आठवडाभरात हिला काही औषध दिलंय का? मलमसुद्धा?’’ मामांनी नाही म्हटले, तरी त्यांनी औषधांची वही मागविलीच. कारण प्रतिजैविकाचा अंश शरीरात असेल तर जंतू तात्पुरते दबतात आणि रोगी जनावराला निरोगीपणाचा दाखला मिळतो.

घोड्याची पाळी नंतर आली. त्याला दुरून एक घोडी दाखवून इंद्रिय बाहेर आल्यावर मूत्रमार्ग, मूत्रमार्गाच्या मुखाभोवतीची खाच, आवरणाच्या घड्या आणि वीर्यापूर्वी येणारा द्रव, अशा निरनिराळ्या जागांचे नमुने घेतले गेले. हे सारे एकदा करून भागत नाही. किमान आठवड्याच्या अंतराने ते पुन्हा करावे लागते. प्रयोगशाळेतही सबुरीचेच काम. रक्त तापवून केलेल्या तपकिरी आगरावर, कर्बद्विप्राणिल वायू वाढविलेल्या पेटीत हे जंतू अत्यंत सावकाश वाढतात. सात दिवसांपूर्वी ‘नाही’ असे लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही प्रामाणिक तंत्रज्ञाला नाही.

ही सारी काटेकोर पद्धत ज्या घटनेतून जन्मली ती इंग्लंडातील न्यूमार्केट येथे 1977 साली घडली. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाला मुळीच मुभा नसल्यामुळे नामांकित घोड्याकडे दूरदूरच्या घोड्या पाठवाव्या लागतात आणि एका हंगामात त्याच्याकडे शंभर-दीडशे घोड्या येऊ शकतात. त्या वर्षी तेथील घोड्या एकामागून एक रिकाम्या राहू लागल्या, आणि नेहमीच्या आगरावर, नेहमीच्या पद्धतीने, कारण सापडेना. कर्बवायूच्या वाढीव प्रमाणात जो सूक्ष्म जंतू शेवटी वाढला, त्याला पुढे 1983 साली संशोधक टेलर यांच्या नावावरून टेलोरेला हे नाव मिळाले. 1978 साली केंटकीतही हा रोग प्रकटला. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या पैदाशीसाठी जी आचारसंहिता त्यानंतर तयार झाली, तिच्यातूनच हंगामापूर्वीच्या नमुन्यांचा रिवाज रूढ झाला. उपचार अवघड नाही: क्लोरहेक्सिडिनने सलग पाच दिवस घासून धुणे आणि मलम भरणे, एवढाच तो आहे. अवघड आहे ते शोधणे.

आपल्या देशाला याहून भयंकर अशा एका समागमजन्य रोगाचा अनुभव आहे. डौरीन हा सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग; याच्या जातभाई परजीवींना पसरण्यास माशी लागते, याला मात्र समागमच पुरतो. इंद्रियांना सूज, कातडीवर नाण्याएवढे वाटोळे फुगवटे, मग क्षीणता, मागच्या पायांची दुर्बलता आणि बहुधा मृत्यू, असा त्याचा क्रम. पुण्यात 1889 साली स्थापन झालेल्या आणि नंतर मुक्तेश्वरला हलविलेल्या इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या अशा रोगांचा अभ्यास केला. 1910 साली सरकारने डौरीनसाठी स्वतंत्र कायदाच केला. त्यान्वये निरीक्षकाला संशयित जनावर पैदाशीसाठी वापरण्यास मनाईहुकूम देता येई, रोगी घोडा खच्ची करता येई, घोडीला डाग देता येई किंवा वरिष्ठांच्या मंजुरीने तिला मारता येई आणि मालकाला नुकसानभरपाई मिळे. हा कायदा 2009 च्या नव्या केंद्रीय कायद्याने रद्द होईपर्यंत पुस्तकात होता. तो निर्दय वाटतो. परंतु औषध हाती नसताना रयतेची शेकडो जनावरे वाचविण्याचा दुसरा मार्ग त्या काळी नव्हता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मला खरी चिंता वाटते ती स्टड फार्मच्या कुंपणाबाहेरच्या घोड्यांची. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस दात पाहतो, खूर ठोकून पाहतो, देवमण कोठे आहे, अशुभ भोवरा कोठे आहे, हे अंगावर हात फिरवून बारकाईने तपासतो. चाल पाहण्यासाठी घोडा दोनदोनदा पळवून घेतो. एवढा चौकस माणूस आपली घोडी परक्या घोड्याला दाखविताना मात्र त्या घोड्याच्या आरोग्याचा कागद मागत नाही. मालकाने रोख फी घेतली की व्यवहार पुरा होतो. कागद मागण्यात अपमान कसला? सोयरीक जुळविताना आपण घराण्याची चौकशी करतोच ना!

पुण्याजवळच्या त्या फार्मवरील एका घोडीचा अहवाल आला, त्यात टेलोरेला नव्हता, क्लेब्सिएला नावाचा दुसराच जंतू होता. क्लेब्सिएलाचे सर्वच प्रकार समागमाने पसरत नाहीत. जंतूच्या स्वतःच्या आवरणावरून ठरणाऱ्या प्रकारांपैकी पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या प्रकाराचे जंतू तेवढे घातक, म्हणून प्रकार निश्चित होईतो थांबणे प्राप्त होते. मोतद्दार अस्वस्थ झाला. घोडी ऐन माजावर होती. हा माज चुकला तर तीन आठवडे गेले, गाभाचे अकरा महिने त्यापुढे मोजायचे, आणि शिंगरांचे वय तर सरसकट 1 जानेवारीपासून धरले जाते, तेव्हा उशिरा जन्मलेले शिंगरू शर्यतीत आपल्याहून महिन्यांनी मोठ्या घोड्यांबरोबर पळणार. हे सारे त्याने डॉक्टरांना अदबीने, पण कळवळून सांगितले. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकून घेतले. ‘‘मामा, दुपारी त्याच घोड्याकडे दुसरी घोडी यायची आहे, आणि उद्या तिसरी,’’ एवढेच ते म्हणाले, आणि मालकाला फोन करून त्यांनी त्या घोडीच्या नावापुढे वहीत ‘प्रकार कळेपर्यंत दाखवू नये’ अशी नोंद करून खाली सही केली.